साहेबांच्या नावाचं गाऱ्हाणं

महायुद्धात बाबांना गोळी लागली, तेव्हा त्यांच्या तुकडीच्या साहेबांनी त्यांना स्वतःच्या पाठीवर टाकून ओढ्यापार आणलं होतं. फाळणीत साहेब पलीकडच्या देशात गेले आणि बाबा पेन्शन घेऊन मालवणजवळच्या आमच्या गावी आले. पण साहेबांचं नाव काढल्याशिवाय त्यांच्या घशाखाली पेज उतरत नसे. साहेब जनरल झाले, बाबांनी वाडीभर खाजं वाटलं. पुढे ते तिकडचे संरक्षणमंत्री झाल्याचं पेपरात आलं, तेव्हा तर बाबांचे पाय जमिनीवर ठरेनात.

"तुमका मंत्रिमंडळात खंयचा खाता दिल्यान?" आई विचारायची.

दर वर्षी बाबा ग्रामदेवासमोर नारळ ठेवून साहेबांसाठी गाऱ्हाणं घालून घेत. म्हातारे मानकरी देवाला विनवत आणि आम्ही सगळे होकार भरत असू. होकार भरला की देव बांधला गेला, अशी आमची समजूत.

मग सीमेवर साहेबांच्याच देशाशी लढाई पेटली. माझा मोठा भाऊ आपल्या फौजेत, थेट आघाडीवर होता. कित्येक दिवस पत्र नाही. शेवटी बाबांनी त्याच्यासाठी नारळ ठेवला. सगळी वाडी देवळात जमली.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकराचो झील लढाईत गेलो आसा, तेका सुखरूप परत हाड रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

मानकऱ्यांचे डोळे मिटलेले. इतक्या वर्षांची सवय, जीभ थांबलीच नाही. "आणि ह्या लेकराच्या सायबाक नि सायबाच्या फौजेक यश दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. मीसुद्धा.

क्षणभर कुणाला काही कळलंच नाही. मग माझ्या ध्यानात आलं. दादावर रोखलेल्या तोफांसाठी आम्ही आमच्याच तोंडाने यश मागितलं होतं! मानकरी मटकन खाली बसले. भरलेला होकार मागे घेता येत नाही, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. उपाय एकच, उलटं गाऱ्हाणं. त्यांनी दुसरा नारळ ठेवला.

"ह्या लेकराच्या सायबाचो नि सायबाच्या फौजेचो नायनाट कर रे म्हाराजा!"

सगळे गरजले. बाबांचे ओठ मात्र हललेच नाहीत. ज्याचं गाऱ्हाणं त्यानेच होकार भरला नाही, तर ते पुरं कसं व्हायचं? माझा डोळ्यांवर विश्वास बसेना. पोटचा मुलगा तिकडे मरणाच्या तोंडात, आणि हा माणूस गप्प!

आईने त्यांचा दंड धरून गदागदा हलवला. "व्हय म्हणा! झील तुमचो आसा!"

बाबा 'व्हय' म्हणाले. पण इतक्या हळू, की शेजारी उभ्या मलाही नीट ऐकू आलं नाही. दादा धडधाकट घरी येईपर्यंत मी बाबांशी एक शब्द बोलले नाही.