यादीतली पहिली भाषा

आष्टीत म्हाळूइतका भित्रा ट्रक ड्रायव्हर दुसरा नसेल. आम्ही गल्लीतले लोक हे कौतुकानंच म्हणतो, त्याला राग आला तर येवो. निघायच्या आधी ताडपत्रीची दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघणार, आणि नगर येईपर्यंत घरचा गॅस बंद केला का म्हणून बायकोला, शिवकन्येला फोन करत राहणार. गॅस पेटवते ती, बंद करते ती, काळजी मात्र याची. इतक्या वर्षांत गाडीला ओरखडा नाही, त्याचं श्रेय या भीतीलाच.

अशा माणसानं पोलंडला ट्रक चालवायला जायचं मनावर घेतलं. मावसभाऊ सटवा तिथं वूच नावाच्या शहरात ड्रायव्हर आहे, त्यानंच कंपनी सुचवली. पंचेचाळिशी उलटलेला माणूस ते घेत नाहीत, आणि म्हाळू तिच्या उंबऱ्यावर उभा. म्हणजे आत्ता जमलं तर जमलं. मुलाखत व्हिडिओवर होणार होती आणि तोडकंमोडकं का होईना, पोलिश बोलणाऱ्यालाच घेणार होते.

मोबाईल दुकानवाल्या हरिओमनं त्याला पोलिशचे धडे मेमरी कार्डात भरून दिले. म्हाळूनं बजावलं होतं, फक्त शब्द पाहिजेत, लेक्चर नको. म्हणून हरिओमनं सुरुवातीची बडबड कापून टाकली. खरी भाषा आहे का हे पारखायला म्हाळूनं सटव्याला फोनवर विचारलं, तिकडं 'नाही'ला काय म्हणतात? सटवा म्हणाला, 'न्ये'. कार्डातली बाई म्हणत होती, 'नी'. म्हाळूला पटलं. पुण्यात 'नाही', आपल्याकडं 'न्हाई', तसंच हे असणार.

मग काय, आष्टी ते पुणे केबिनमध्ये शिकवणी. भाषा त्याला लई सोपी वाटली. मी, तू, तो, कुणीही असो, क्रियापद एकच: एक इस, जेय इस, हेय इस. नकार मात्र दोनदा द्यायचा. मी चहा पीत नाही, तर 'एक ड्रिंक नी टी नी'. आग्रह झाल्यावर पाहुणा म्हणतो ना, न्हाई बा, न्हाई, अगदी तसं. सकाळी उठून खाकरल्यासारखा 'ख' काढत तो शेळ्यांना 'खूया मोरा' म्हणायचा, म्हणजे शुभ सकाळ. गल्लीनं त्याचं नाव मोऱ्या ठेवलं.

मुलाखत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी त्यानं सटव्याला व्हिडिओ कॉल लावला आणि छाती काढून म्हणाला, "खूया मोरा, सटवा. एक इस अ ड्रेवर."

सटव्यानं विचारलं, "घसा धरलाय का बे?"

म्हाळूनं चहाचं वाक्य म्हणून दाखवलं. मग सटव्याचा आवाज खाली आला. "म्हाळ्या, हे पोलिश न्हाई. कुणी शिकवलं तुला?"

शोध घेतल्यावर कळलं, ती दक्षिण आफ्रिकेतली आफ्रिकान्स. हरिओमला जाऊन विचारलं, तर तो गिऱ्हाइकाच्या फोनला काच लावता लावता म्हणाला, भाषांच्या यादीत पहिलं नाव तेच होतं, परदेशीच भाषा हाय ना? त्या दिवशी म्हाळू जेवला नाही, आणि गॅसचंही विचारलं नाही, तेव्हा शिवकन्येला खरा घोर लागला.

सटव्यानं दोन दिवसांत जमेल तेवढं पोलिश त्याच्या गळी उतरवलं. आफ्रिकान्स गरीब गाय होती, कुणीही यावं, धार काढावी. ही दर शब्दाला शेपटी बदलणारी. शहराचं नाव वूच, पण वूचमध्ये राहतो म्हटलं की 'व वोजी'. शिवकन्या भाकरी थापता थापता म्हणाली, "त्यात काय? आपलं फूल, पण फुलाला." 'येस्तेम' म्हटलं की मी आहे हे कळतंच, 'मी' वेगळा म्हणायला लागत नाही. आपण नाही का नुसतं 'आलो' म्हणत! उच्चाराला तर त्याच्याकडं तयार माल होता. 'काय'ला ते 'चो' म्हणतात, त्यात चाकातला च. चारला 'च्तेरी', त्यात चारातलाच च. जन्मभर चार चाकांवर बसलेल्या माणसाला दोन्ही च पाठ. तरी रविवारी सकाळी त्याच्या डोक्यात दोन्ही भाषांची भेळ झाली होती.

पडद्यावर पोलिश मॅडम, हिंदी दुभाष्या आणि नांदेड-लातूरचे दोन ड्रायव्हर. शिवकन्या दाराआड. म्हाळूनं 'येस्तेम क्येरोव्त्सों', म्हणजे मी ड्रायव्हर आहे, एवढं बिनचूक म्हटलं. तेवढ्यात दुभाष्याचं नेट गेलं. मॅडमनं तिघांकडं बघून काहीतरी विचारलं. नांदेडचा गप्प, लातूरचा गप्प. म्हाळूला वाटलं, समजलं का विचारतायत. घाबरून त्याच्या तोंडून कार्डातला होकार निसटला.

"या, या."

मॅडम हसल्या, काहीतरी लिहून घेतलं. दुभाष्या परत आला आणि म्हणाला, म्हाळूजी, बधाई हो, आपका नाम पहले जत्थे में.

उलगडा सटव्यानं कंपनीत विचारून केला. पहिल्या जत्थ्यात कोण जाणार, असं मॅडमनं विचारलं होतं. आफ्रिकान्समध्ये 'या' म्हणजे हो. पोलिशमध्ये 'या' म्हणजे मी. एरवी गाळायचा तो 'मी' यानं दोनदा ठणकावून म्हटला होता. पहिला जत्था जानेवारीत, तोही पोलंडच्या पार ईशान्येला, जिथं रस्त्यावर बर्फ साचतं.

नोकरी मिळाली होती आणि म्हाळू खाटेवर बसून गुडघे दाबत होता. घाटात पावसानं गाडी सरकली तर हा ती कडेला लावून थांबायचा, आता बर्फ. शिवकन्या शेजारी येऊन बसली.

म्हाळूनं सटव्याला विचारलं, मला भीती वाटते, हे कसं म्हणायचं?

"बोयें शे."

"आन् बायांनी?" शिवकन्येनं फोनकडं वाकून विचारलं.

सटवा म्हणाला, होऊन गेलेली भीती असेल तर बाईचं वेगळं, बाप्याचं वेगळं. भ्यालो, भ्याले, तसं. पण आत्ता वाटत असेल तर दोघांनीही सारखंच म्हणायचं.

तिनं एकदा म्हणून बघितलं.