दोन्ही डिस्का थोरल्या

जानेफळात लग्नपत्रिका जुळवून द्यायचं माझं दुकान काकांच्या पिठाच्या चक्कीला लागून होतं. मीटर एकच. चक्की सुरू झाली की माझ्या कॉम्प्युटरचा पडदा चिंच खाल्ल्यासारखा आकसायचा, पण तग धरायचा.

त्या लग्नसराईत हार्ड डिस्क भरली, म्हणून मी दुसरी आणली. ती बसवायला माणूस बोलवावा, असं सुचवणाऱ्याचा मला रागच यायचा. मी मशीन उघडलं तेव्हा बाकावर एक वधूपिता बसले होते. मी त्यांना मामा म्हणायचो. पत्रिकेत कोणाचं नाव कोणाच्या वर, यावरून त्यांच्या घरात रणं पेटली होती. एकदाचं मिटलं तेव्हा मामांनी कच्चा कागद चुलीत घातला, पुन्हा कोणी उकरू नये म्हणून. आता तो क्रम फक्त माझ्या जुन्या डिस्कमध्ये होता आणि पत्रिका आजच छापायची होती.

डिस्कच्या मागे पिनांवर एक चिमुकली टोपी असते. ती कुठे बसवली, यावरून थोरली कोण अन् धाकटी कोण ते मशीनला कळतं. मी पडलो पत्रिकांच्या धंद्यात मुरलेला. धाकटं म्हटलं की माणूस रुसतं, हे डोक्यात पक्कं. दोघींनाही थोरलीचा मान दिला. मशीनने एकीलाही ओळख दिली नाही.

"भाऊ, माह्यी पत्रिका गेली काय?"

"नाही हो मामा. डिस्क जराशी रुसली."

"आता हेबी रुसून राह्यलं काय?"

नवीची टोपी हलवून तिला धाकटी केलं. दोघी दिसल्या. तेवढ्यात काकांनी चक्की लावली आणि मशीन ठप्प. त्या मरतुकड्या विजेवर एक डिस्क कशीबशी चालायची, दोन कुठून चालणार? हा विचार डिस्क आणण्याआधी करायचा असतो, हे मला त्या क्षणी सुचलं.

"काका, जराशी थांबवा ना चक्की."

"मी थांबवतो. बायांले तू सांग."

सांगितलं. तर ज्वारीचे डबे तिथेच ठेवून सगळ्या बाया माझ्या दुकानात आल्या, आपलं दळण अडवणारं हे आहे तरी काय ते पाहायला.

पडदा उजळला. पत्रिका आली, एकूण एक नाव जागच्या जागी. मामांनी पडद्याला हात जोडले. तोच मागून आवाज आला, "काऊन हो दादा, आमच्या मालकाचं नाव साऱ्यात खाली?"

मामांची चुलत बहीण होती ती.

"अन् तुमच्या साल्याचं वर?"

बाकीच्या बायाही वाचायला पुढे सरकल्या. मामांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे तोंड करून काकांना हाक दिली, "लावा हो चक्की. बायांचा खोळंबा होऊन राह्यला."

चक्की घरघरली, पडदा आकसला आणि विझला.

"दादा, नाव कुठं गेलं?"

"कोणतं नाव ताई? लाईनच कमी हाये."

एवढं बोलून मामांनी बहिणीचा डबा स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि तिला चक्कीकडे घेऊन निघाले. जाता जाता मला डोळ्यानेच खुणावलं. हिचं दळण होऊन ही घरी गेली, की छाप.