मेहमानासाठी नाकतोडे

सबंध मराठवाड्यात किड्यांची खरी पारख असलेला माणूस एकच जन्माला आला आणि तो नेमका आमच्या अक्काच्या पदरात पडला. सोन्याची पारख असलेले सराफ असतात, बैलांची पारख असलेले व्यापारी असतात, माणसांची पारख असल्याचं तर जो तो सांगत सुटतो. पण रातकिडा चिमटीत धरून, उजेडाकडे वळवून, ‘ह्याचं पोट रिकामं हाय, ह्याला आज पाठवू नका,’ असं गंभीरपणे सांगणारा मनुष्य मी आमच्या दाजींशिवाय पाहिला नाही. पुढेही दिसेल असं वाटत नाही, आणि खरं सांगायचं तर एक पुरे झाला.

दाजी पाटबंधारे खात्यात होते. सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर ठिकठिकाणी पाण्याची उंची मोजायची आणि कचेरीत कळवायची, एवढंच त्यांचं काम. गोष्ट दुष्काळ सरल्यानंतरच्या दोन-तीन वर्षांतली. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यात होतं. मी तिथल्या एका शाळेत नुकताच मास्तर म्हणून लागलो होतो आणि अक्काच्याच घरी राहत होतो. एके दिवशी कालव्याच्या काठचा दगड उचलताना मजुरांना खाली एक पाल दिसली. भिंतीवर फिरते ती नव्हे. ही जाडजूड, अंगावर काळे-पिवळे ठिपके, शेपूट मुळ्यासारखी फुगलेली, आणि माणसासारखी पापण्या मिचकावत बघणारी. ‘साहेब, बिसखोपडा हाय. नुस्ती फूक मारली तरी माणूस खतम,’ असं म्हणत एकाने फावडं उगारलं. दाजींनी फावडं धरलं, पाल उचलली, तिने फूक मारली की नाही हे बघितलं, आणि स्वतः खतम झालो नाही अशी खात्री पटल्यावर तिला जेवणाच्या डब्यात घालून घरी आणलं. डब्यात पाल आहे हे अक्काला सांगायचं मात्र त्यांच्याकडून राहून गेलं. अक्काने डबा घासायला घेतला. त्यानंतर आमच्या गल्लीत जे झालं त्याला गल्लीतले लोक पुढे बरीच वर्षं ‘तो दिवस’ एवढंच म्हणत.

पालीचं नाव त्यांनी ठेवलं मेहमान. चहाच्या लाकडी खोक्याला पुढून जाळी ठोकली, आत वाळू पसरली, एक फुटकं कौल उपडं घातलं, आणि मेहमानाची सोय झाली. घरी येणाऱ्या बाकीच्या पाहुण्यांना दाजी ‘बसा’ म्हणत, कोरा चहा पुढे सरकवत आणि मग गप्प होत. माझे मुख्याध्यापक एकदा आले होते, त्यांना तर नुसतं पाणीच मिळालं, तेही मी उठून दिलं म्हणून. मेहमानाच्या जेवणाचा थाट मात्र एखाद्या जहागीरदाराला लाजवील असा होता. रातकिडे पकडून आणले की ते लगेच वाढायचे नाहीत. त्यांना आधी एका मडक्यात दोन दिवस गाजराचा कीस, लसूणघास आणि ज्वारीचा कोंडा खाऊ घालायचा. ‘किड्याच्या पोटात जे हाय, तेच मेहमानाच्या पोटात जाणार. उपाशी किडा वाढला म्हंजे रिकामं ताट वाढलं,’ असं दाजी मला समजावत. मी समोर बसून रात्रीची शिळी भाकर खात असे. गाजर मला लग्नाकार्याशिवाय मिळत नसे, ही गोष्ट मी बोलून दाखवली नाही.

प्रत्येक किड्याविषयी त्यांचं पक्कं मत होतं आणि ते न विचारता ऐकायला मिळे. गव्हाच्या पिठातल्या अळ्या म्हणजे मिठाई, सणासुदीला एखादी. ‘तुमच्या लेकराला तुमी रोज पेढे चारता का?’ हा प्रश्न त्यांनी मला विचारला तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. स्टँडसमोरच्या हॉटेलातलं झुरळ वर्ज्य, कारण त्याला तेलकट खायची सवय. केसाळ सुरवंट वर्ज्य, कारण उघड आहे. काजवा तर सक्त मना. ‘पोटात कंदील घेऊन कोन सुखानं झोपतं?’ आणि कुठलाही किडा मेहमानाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा रुंद असता कामा नये. हे अंतर त्यांनी एका बांबूच्या कामटीवर खूण करून ठेवलं होतं. कालव्याचं पाणी मोजणारा माणूस संध्याकाळी ओट्यावर बसून रातकिडे मोजत असे आणि जो खुणेबाहेर गेला त्याला ‘जा बाबा, मोठा झालास’ म्हणून अंगणात सोडून देत असे. आमच्या अंगणात त्यामुळे फक्त धिप्पाड रातकिडे उरले आणि त्यांनी आमची झोप उडवली.

शेवटचा संस्कार पावडरीचा. मेहमानाची हाडं मऊ पडू नयेत म्हणून अंड्याची टरफलं वाळवायची, पाट्यावर पिठासारखी वाटायची, आणि रातकिडे त्या पांढऱ्या पिठात घोळवून मगच आत सोडायचे. यासाठी आमच्या घरी अंडी येऊ लागली. दाजींना हवं होतं टरफल. आतलं जे काही निघे त्याचं काय करायचं हे त्यांना सुचत नसे, म्हणून ते माझ्या ताटात येई. त्या वर्षी माझी तब्येत सुधारली, तिचं श्रेय मी एका पालीला देतो.

पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मंडळी दाजींना घेरायची. एका ज्येष्ठ उपासकांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलंच, ‘पंचशील घेता आन् रोज एवढे जीव मारता, हे कसं काय?’ दाजी शांतपणे म्हणाले, ‘मी मारत न्हाई, काका. मी फकस्त त्यांची गाठ घालून देतो.’ अक्का घरी येईपर्यंत पदराआड हसत होती.

आता आमच्या आईविषयी सांगायला हवं. आई कुरुंद्याला राहायची, दुसऱ्याच्या वावरात खुरपायला, कापूस वेचायला जायची. अक्काच्या लग्नात दाजींनी हुंडा तर सोडाच, घड्याळ, टोपी, साधा रुमालसुद्धा घेतला नव्हता. सगळ्यांनी वाहवा केली. आईला मात्र ती गोष्ट कायम खुपत राहिली. जावयाला आपण काही म्हणजे काही दिलं नाही, याचं तिला वाईट वाटायचं. वर्षाकाठी ती काही ना काही पाठवायची, कधी हळदीची पुडी, कधी तिळाचे लाडू, आणि दाजी ते जसंच्या तसं परत धाडायचे. आईला ते मामी म्हणत. ‘मामी राबतेत. त्यांचं खाऊन मला पचत न्हाई,’ असं आणणाऱ्याला तोंडावर सांगायचे. चांगलं वागताना समोरच्याला किती लागतं याचा हिशेब या माणसाला कधी जमला नाही.

दिवाळी तोंडावर आली होती तेव्हा एका तरण्याबांड रातकिड्याच्या मागे धावताना दाजी कालव्याच्या दगडावरून घसरले आणि पाय मोडून घरी बसले. किडे आणायचं काम माझ्याकडे आलं. मी आणलेला एकही किडा पास झाला नाही. ‘हा म्हातारा हाय. हा रोगट दिसून राहिला. हा काय आणलास मास्तर, ह्यो तर चिलटाचा भाऊ.’ एरवी मी वर्गातल्या पोरांना नापास करायचो, आता रोज संध्याकाळी मी नापास होत होतो. पण हळूहळू हा थट्टेचा विषय राहिला नाही. मेहमान पोटभर खात नव्हता आणि त्याची शेपूट दिवसेंदिवस बारीक होत चालली होती. सगळा साठा शेपटीत असतो, ती वाळली की जनावर संपलं, हे दाजींनीच मला सांगितलेलं. ते प्लास्टरचा पाय स्टुलावर ठेवून खोक्यासमोर बसून राहत. अक्का म्हणाली, ‘माझ्या बाळंतपणात एवढी काळजी केली न्हाई.’

रविवारी मी कुरुंद्याला गेलो आणि आईला सगळं सांगितलं. किडे काय लागतात, केवढे लागतात, पांढरी पावडर लावून कसे वाढतात. आईचा चेहरा एकदम फुलला. जावयाच्या घरी एक वस्तू कमी होती, आणि ती तिच्याजवळ वावरभर होती. दुसऱ्या दिवशी तिने आणि बरोबरच्या बायांनी खुरपणी करता करता कापसाच्या झाडांवरचे नाकतोडे धरले. बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडली, आणि तो डबा वसमतला येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर पाठवला. निरोपही होता. ‘पावडर लावलेलेच निवडून धाडलेत. जावईबापूंना बसल्या जागी तकलीफ नको.’

दाजींनी डबा उघडला. नाकतोडे छान होते, मापाचे, अंगावर पांढरी भुकटी. थोडे मलूल वाटत होते, पण प्रवासाने दमले असतील असं मी म्हटलं. एरवी ते प्रत्येकाला चिमटीत धरून उलटसुलट बघत. त्या दिवशी बघितलं नाही. ‘मामीनं निवडलेत,’ एवढं म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच सासरचा आहेर परत न पाठवता ठेवून घेतला. अक्काने आणि मी एकमेकांकडे पाहिलं. मेहमानाने किती दिवसांनी पोटभर खाल्लं. दाजी त्या संध्याकाळी माझ्याशी शाळेबद्दल बोलले. एवढे ते खुशीत होते.

सकाळी मेहमान कौलाबाहेर पडला होता. अंग थरथरत होतं, मान मागे वळत होती. दुपारपर्यंत तेही थांबलं. दाजींनी डबा मागितला. उरलेले नाकतोडे मरून पडले होते. त्यांनी तळाची पांढरी भुकटी बोटावर घेतली, वास घेतला आणि बोट माझ्यापुढे केलं. वास ओळखीचा होता. वावरमालकाने कापसावर मारलेली कीडनाशक पावडर होती ती. पावडर टरफलांची असते हे मी आईला सांगितलंच नव्हतं, तिला वाटलं, जावई लावतात ती हीच. सबंध वावरातून तिने मुद्दाम जास्तीत जास्त पांढरे तेवढेच वेचले होते.

मी म्हटलं, ‘आईला सांगावं लागेल.’

‘काहून?’ दाजी म्हणाले. संध्याकाळी त्यांनी कुबडीवर उभं राहून मला कालव्याकाठी खड्डा करायला लावला आणि तो पुरेसा खोल नाही म्हणून मला बोलले.

पायाचं प्लास्टर निघाल्याबरोबर ते एस.टी.त बसून कुरुंद्याला निघाले, मलाही बरोबर घेतलं. आई जावयाशी थेट बोलत नसे. पदर पुढे ओढून दाराच्या आडून ती मला म्हणाली, ‘इच्यार त्यांना, ग्वाड लागले का त्याला?’

मी दाजींकडे पाहिलं. तोंडावर बोलणारा माणूस, आता काय बोलेल याची मला धास्ती वाटली. ते दाराकडे वळून थेट तिलाच म्हणाले, ‘लई ग्वाड लागले, मामी. सगळे संपवले. पर पावडर नका लावू, त्याला साधेच आवडतेत. आन् त्या वावरात हात धुतल्याबिगर भाकर खाऊ नका.’ मग त्यांनी चहा मागून घेतला, आणि निघताना हळदीची पुडीही घेतली. दाराआड आई रडत होती हे मला कळलं. आनंदाने रडत होती.

त्यानंतर दरवर्षी कापूस फुटायच्या सुमाराला कुरुंद्याहून डबा येऊ लागला. बांधावरच्या गवतातले, बिनपावडरीचे, हिरवेगार नाकतोडे. आईने डब्याला भोकं पाडून, फडक्यात गुंडाळून पाठवलेले. ‘मेहमान बरा हाय का?’ असं ती विचारायची आणि दाजी ‘झकास हाय’ म्हणून निरोप द्यायचे. घरात खोकं नव्हतं, कौल नव्हतं, पाल नव्हती. दाजी डबा सायकलला अडकवून कालव्यावर न्यायचे, झाकण काढायचे, आणि शेवटचा नाकतोडा उडून जाईपर्यंत तिथे उकिडवे बसायचे. रिकामा डबा घासून परत धाडायचे, म्हणजे पुढच्या वर्षी येईल. मी त्यांना एकदा गमतीने म्हटलं, की पालीसाठी किडे नाकारणारा माणूस आता पाल नसताना किडे घेतो. ते माझ्यावर चिडले, मास्तर लोकांना काही कळत नाही असं म्हणाले. मला कळत होतं. मला दाजींचा त्या वेळी फार अभिमान वाटला, पण तसं सांगितलं असतं तर त्यांनी मला घराबाहेर काढलं असतं.

एका पावसाळ्यात आई गेली. त्या साली कापूस नेहमीसारखा फुटला, बाजारात गाड्या येऊ लागल्या. मी एका संध्याकाळी शाळेतून आलो तर दाजी ओट्यावर बसलेले, सायकल भिंतीला टेकवलेली. त्यांनी विचारलं, ‘कुरुंद्याहून कुनी आलं न्हाई का?’

मी म्हटलं, ‘आता कोण येणार, दाजी?’

‘व्हय, बराबर हाय,’ ते म्हणाले. तरी संध्याकाळची गाडी येऊन जाईपर्यंत ते ओट्यावरून उठले नाहीत.