गोदूचा जप

हे आजवर मी कुणाजवळ बोलले नाही. दादाजवळ नाही, देवापुढेही नाही — देवापुढे तर मुळीच नाही.

गोदू माझी भाची. विधवा होऊन मी काशीला दादाकडे परत आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. दुपारी माझ्याजवळ वाती वळायला बसायची, तोंडाचा पट्टा चालू — आणि मध्येच शब्द तुटायचा. डोळे उघडे, पण बघत नसत. पापण्या बारीक फडफडत. ओठ काही चघळल्यासारखे हलत, बोटं परकराचा काठ चाचपत राहत. हाक मारा, ओ नाही. पाच-सहा श्वास जात — मग तोच तुटलेला शब्द पुरा करून ती पुढे बोलू लागे. आपण थांबलो होतो हे तिच्या गावीही नसे. कुठे जात असेल ती? त्या चेहऱ्याकडे बघताना माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तो भीतीचा नव्हता.

दादा म्हणे, "लक्ष कुठंय कार्टीचं?"

मला ठाऊक होतं. माझ्या धाकट्या दिराला फेपरं होतं. तो पहिल्यांदा पडला त्याच्या आधी कित्येक महिने असाच थबकायचा, आणि आम्ही त्याला वेंधळा म्हणायचो. मी सांगायला हवं होतं. पण काशीत आपली माणसं ती किती, आणि फेपऱ्याची मुलगी करून घेणार कोण? मी गोदूच्या हाती तुळशीची माळ दिली. कुणी विचारलं तर जप करत होते म्हण, असं शिकवलं.

इतकं बेमालूम जमेल असं वाटलं नव्हतं. ती थांबली की बोटं आपोआप मणी ओढत. गल्लीतल्या बाया वाट सोडून उभ्या राहू लागल्या. दूधवाली आपली कालवड पुढे करून म्हणाली, "बिटिया तो जोगिन है, बहिनजी. हमरी बछिया के माथे पे हाथ धर दे."

शेजारी बाळंतपणाला जनाना इस्पितळातली डॉक्टरीणबाई आली होती. गोदूला तिनं बराच वेळ न्याहाळलं. जाताना मला म्हणाली, "माला हाथ से ले लीजिए, फिर पुकारिए. न सुने तो ले आइए. दवा है."

"जप में है," मी म्हटलं. नेलं नाही.

आणि पुढे — हे कसं लिहू? — माझंच खोटं मला खरं वाटू लागलं. ती थांबली की मीही हात जोडू लागले. खरंच कुणी तिला बोलावून नेत असेल तर?

ती अकरा वर्षांची झाली, सोयरीक ठरत आली होती. एका सकाळी पोळ्या भाजताना ती थांबली. उजवा हात तापल्या तव्यावर टेकला आणि तिथेच राहिला. चेहऱ्यावर एक रेघ हलली नाही. इतकी शांती मी कुठल्या मूर्तीच्या तोंडावर पाहिली नाही. मी समोर कणीक मळत होते. तो हात ओढायला कितीसा वेळ लागला असता?

जळल्याचा वास आला तेव्हा मी हलले. तोवर ती परत आली होती, किंचाळत होती.

दोन बोटं तळव्याला चिकटली, ती कायमची. सोयरीक मोडली. दवा सुरू झाली ती त्यानंतर.

भाजलं त्याच दिवशी संध्याकाळी हाताला तूप लावत होते, तेव्हा तिनं विचारलं, "आत्या, तू कुठे होतीस गं?"

"विहिरीवर, बाळ."

"तरीच," ती म्हणाली, आणि डावा हात माझ्या गुडघ्यावर ठेवून मलाच थोपटू लागली.

मी विहिरीवर नव्हते. मी तिच्यासमोर बसले होते, हात जोडून.