अकरा कोरल, चार मासे, एक कोळंबी

टाकीतला दगडांचा डोंगर कलून समोरच्या काचेला टेकला होता. मधे कागद सरकवून बघितला, सरकला नाही. चार फुटांची टाकी, आत तीनशे लिटर खारं पाणी. काच गेली असती तर पूर्णा जंक्शनजवळच्या त्या घरातल्या बैठकीत गुडघाभर गोंधळ झाला असता.

"हा डोंगर तुमीच रचला होता ना, दादा?" सिस्टरांनी विचारलं.

मीच रचला होता.

सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमधून निवृत्त झालेल्या नर्स. अख्खी गल्ली त्यांना सिस्टरच म्हणते. मी परभणीत ॲक्वेरियमचा धंदा करतो. व्यापाऱ्यांना गल्ल्याशेजारी नशीब उघडणारा मासा हवा असतो, शाळांना गोल्डफिश. रीफ टँक, म्हणजे जिवंत कोरल वाढवायची खाऱ्या पाण्याची टाकी, माझ्याकडे ही एकच. समुद्रातून कोरल तोडून आणायला आपल्याकडे बंदी आहे. सिस्टरांची कोरल टाकीतच वाढवलेली, मऊ जातीची. लस नेतात त्या डब्यात तीन तुकडे घालून त्यांनी ते हैदराबादहून रेल्वेनं मांडीवर आणले. पुढं स्वतः कात्रीनं कापून, चिकटवून, जपून चार वर्षांत तिनाची अकरा केली. एवढा धीर माझ्यात नाही, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

डोंगर कलला तो माझ्याच चुकीनं. मी आधी वाळू पसरली आणि तिच्यावर दगड रचले. दिसायला झकास. पण टाकीत एक पिस्टल श्रिंप होती. ही बोटाएवढी कोळंबी दिवसभर बीळ उकरते. तिला नीट दिसत नाही, म्हणून गोबी नावाचा मासा बिळाच्या तोंडाशी राखण बसतो. धोका दिसला की तो शेपूट हलवतो आणि दोघं आत पळतात. या कोळंबीबाईनं वर्षभरात माझ्या दगडाखालची वाळू उपसून काढली होती.

"सगळं बाहेर काढावं लागेल," मी म्हणालो. "दगड थेट तळाच्या काचेवर बसवायचे, वाळू नंतर."

"कोरल जगतील का?"

"तीन तासांत उरकलं तर. आणि दगड सुकू द्यायचे नाहीत. त्यांच्या आतले जिवाणू घाण पचवतात. ते मेले की पाणी विषारी होतं, मग कोरलही जातात."

"मग टेबल लावते," सिस्टर म्हणाल्या.

अर्ध्या तासात बैठकीचं थिएटर झालं. धुतलेले टब, प्रत्येकावर चिकटपट्टीचा नंबर, थर्मामीटर, ओले पंचे. टाकीचं पाणी बदलायला त्यांनी आदल्या दिवशीच कालवून ठेवलेलं खारं पाणी. काकांना, म्हणजे त्यांच्या यजमानांना, टीव्ही लावून पलीकडच्या खोलीत बसवलं.

"बाहेर काढताना मोठ्यानं बोलायचं. मी लिहिते."

"सिस्टर, मासेच आहेत हो."

"डॉक्टर लोक बी असंच म्हणतेत."

मी बोलत गेलो, त्या लिहीत गेल्या. सगळ्यांत मोठ्या कोरलनं दगड घट्ट धरला होता. मी ओढायला लागलो तर सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "ओढू नका. बुडातून सोडवा." पातळ पातं घेऊन त्यांनी त्याखालचा दगडाचा पापुद्रा अलगद उचलला. कोरलला ओरखडा नाही. साठी उलटलेला तो हात तसूभर हलत नव्हता. मी काम सोडून बघत राहिलो.

पुढचं माझं काम. वरच्या बाजूनं जड असलेला एक दगड मी बाद केला आणि गढूळ पाण्याच्या बादलीत टाकला. बाकीच्यांना भोकं पाडली, प्लास्टिकच्या कांड्या घातल्या, पुट्टीनं सांधे भरले आणि काचेवर बसवले. सिस्टरांनी दोन्ही हातांनी डोंगराला रेटा देऊन बघितला. हलला नाही. मग वाळू, मग पाणी. मासे आणि कोरल आत सोडले. मी बादली उचलून मोरीकडं निघालो.

"थांबा. काउंट."

अकरा कोरल. चार मासे. कोळंबी नाही.

"गेली असंल तर बरंच झालं," मी म्हणालो. "तिच्यामुळंच तर हा सगळा कुटाणा."

"तिच्यामुळं? उकरणं तिचं कामच हाय. दगड वाळूवर कुणी ठिवला?"

मी बादली खाली ठेवली.

"काउंट जुळल्याबिगर मी कधी टाक्याचा दोरा दिला न्हाई, दादा. एकदा सर्जन लय चिडले, ट्रे आपटला. तरी न्हाई दिला. पेशंटच्या पोटात बोळा सापडला. आन् हितं तो गोबी बघा, कसा कोपऱ्यात बसलाय. त्याला कुणाची राखण करायची?"

त्यांनी टबात उरलेली सगळी वाळू हातानं चाळली. काही नाही. मग आत ओरडल्या, "ओ, टीव्ही बंद करा!" टीव्ही बंद करून काका दारात आले. पंपही बंद केले. नेमकी त्याच वेळी मालगाडी आली. तिचे डबे संपेपर्यंत आम्ही तिघं श्वास रोखून उभे.

गाडी गेली. मग आवाज आला. टक.

पिस्टल श्रिंप आपला नांगा झटक्यात मिटते, त्याचा हा आवाज. मला तो माहीत होता, पण डोक्यात आला नाही. आणि तो माझ्या पायाशी, बादलीतून येत होता. बाद केलेल्या दगडाच्या भोकात ती बसली होती. आणखी दोन मिनिटं गेली असती तर मी ती गटारात ओतली असती. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सिस्टरांनी तो दगड पाण्याखाली धरून हळूच तिरपा केला. कोळंबी बाहेर पडली आणि नव्या डोंगराखाली गेली. काकांनी चहा आणला. चहा संपायच्या आत गोबी कोपरा सोडून तिच्याशेजारी येऊन बसला होता. ती वाळू ढकलत होती, तळाची काच उघडी पडेपर्यंत. दगड जागचा हलला नाही.

"उकरू द्या," सिस्टर म्हणाल्या आणि कागदावर शेवटची खूण केली.

आता कुठलीही टाकी उपसायच्या आधी मी यादी करतो. आत दोनच गोल्डफिश असले तरी. गिऱ्हाईक हसतं. मी लिहून झाल्याशिवाय बादलीला हात लावत नाही.