आई कामावर, बाप घरी

"काजू सोलायला वेळ आहे, मुलीला वाचायला शिकवायला नाही?"

भरलेल्या वर्गात बाई माझ्या बायकोला हे म्हणाल्या. पालकांची सभा होती. आमची मुलगी दुसरीत आहे. जोडाक्षर आलं की अडते.

शेजारी बसलेल्या डॉक्टरीणबाईंनी बायकोची काळी पडलेली बोटं पाहिली आणि त्या जरा सरकून बसल्या. "इन्फेक्शन नाही ना हो?"

बायकोने हात पदराखाली घेतले. कारखान्यात काजूच्या टरफलाचं तेल लागतं. कातडी काळी पडते, सोलवटते.

मग बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मात्र वेळ काढून आलात हं. वडील येतात कुठे?"

मी हसलो. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते.

मी बोटीवर खलाशी. पावसाळ्यात मासेमारीला बंदी, बोट किनाऱ्यावर ओढलेली. मुलगी दुपारी शाळेतून येते तेव्हा घरी मी असतो. तिच्या हातात मोबाईल देतो आणि जाळ्यांच्या शेडमध्ये पत्ते कुटायला जातो. संध्याकाळी तिची आई येते. हातांना खोबरेल चोळत पोरीशेजारी बसते. पोरीला जी काही अक्षरं येतात, ती आईने शिकवलेली.

सभेत बसून हे सगळं मला ठाऊक होतं.

फाटकापाशी बायको म्हणाली, "उद्यापास्नं नाय जात मी कामावर. पोरीचं नुकसान नको."

'बरं' म्हणणार होतो. अगदी जिभेवर आलं होतं. तिचं काम सुटलं असतं, माझे पत्ते चालू राहिले असते.

मी मागे फिरलो. वर्गात सगळे अजून होते.

"बाई, दुपारी पोरीजवळ मी असतो. पुस्तक मी उघडत नाय. बोलायचं ते मला बोला."

बाई हसल्या. "अहो, पुरुषांना कुठे जमतं हे!"

"जमत नाय असं नाय. मी केलं नाय."

डॉक्टरीणबाई फोनमध्ये बघू लागल्या.

बाहेर येऊन बायकोला म्हटलं, "काम सोडायचं नाय तू."

"आधी चार दुपारी घरात बसून दाखवा," ती म्हणाली. "तुमचे पत्तेवाले रडतील."

तिने माझ्यावर विश्वास का ठेवावा? मी तो मागतही नाही. बंदी उठेपर्यंतची प्रत्येक दुपार मुलीची. ती मागे राहिली तर जाब मी देईन. तिच्या आईला कोणी विचारायला आलं, तर त्याची गाठ माझ्याशी आहे.