नाव विचारणारा स्विच

कॉम्प्युटर जोडणारा स्विच आत खोचलेल्या मॉड्यूलच्या कंपनीचं नाव वाचतो हे कळलं, तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात उभ्या उभ्या ओरडले होते, "म्हणजे हा जात विचारतो?"

हेडक्लार्क आप्पांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "विचारू दे की. आपण त्याच्याच कंपनीचं घेतलं तर कशाला विचारील?"

मी तेव्हा श्रीरामपूरजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळत होते. मैदानापलीकडे नवी इमारत झाली होती आणि तिच्या वरच्या हॉलमध्ये ऑनलाइन परीक्षांचं केंद्र मिळायचं घाटत होतं. सोमवारी तपासणीला एक अधिकारी येणार होते. हॉलमधले कॉम्प्युटर ऑफिसातल्या सर्व्हरशी जोडलेले दिसले तर केंद्र आमचं, नाहीतर आसपासच्या सगळ्या मुलामुलींनी परीक्षेला नगर गाठायचं.

शिपाई मावशींची मुलगी नर्सिंगच्या प्रवेश परीक्षेला बसणार होती. फरशी पुसता पुसता मावशी मला रोज सांगायच्या, "नगरला तिचा बाप धाडायचा न्हाई, ताई. हितं झाली तर बसंल, न्हाईतर राहिलीच ती."

दोन्ही इमारतींमध्ये फायबरची केबल आधीच पुरलेली होती. दोन्ही टोकांना एकेक स्विच, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येऊन मिळतात ती पेटी. आणि त्या पेटीत खोचायला प्रत्येकी एक मॉड्यूल. अंगठ्याएवढी धातूची डबी असते ती. विजेच्या संकेतांचा प्रकाश करून केबलमध्ये सोडते आणि पलीकडून आलेल्या प्रकाशाची पुन्हा वीज करते. तिच्या तोंडाला दोन भोकं असतात, एक प्रकाश जायला, एक यायला. ती मॉड्यूलं निवडायचं काम प्राचार्य सरांनी माझ्यावर टाकलं होतं.

सुरुवातीला सोपं वाटलं. केबल पिवळी, म्हणजे लांब पल्ल्याची, तेव्हा मॉड्यूलही तसलंच हवं. वेग दोन्ही टोकांना सारखा हवा. मग स्विचच्या माहितीपुस्तिकेत एक बारीक ओळ सापडली. हा स्विच फक्त आमच्याच कंपनीचं मॉड्यूल स्वीकारतो. मी ती तीनदा वाचली. भोकाचं माप सगळ्या कंपन्यांनी मिळून ठरवलेलं, प्रकाश तोच, केबल तीच. पण प्रत्येक मॉड्यूलच्या पोटात ते कुठल्या कंपनीचं आहे ते लिहिलेलं असतं. स्विच आधी ते वाचतो. परकं निघालं की दार बंद.

मी नाशिकच्या एका दुकानदाराला फोन लावला. तो हसला. "मॅडम, टेन्शन घेऊ नका. कुठलं नाव पाहिजे तेवढं सांगा, आत लिहून देतो."

"खोटं नाव?"

"खोटं कसलं? सगळे तेच करतात. स्विच खूश, तुम्ही खूश."

मी फोन ठेवून दिला. पुण्यात शिकत असताना माझ्या मैत्रिणीला खोली मिळत नव्हती. पाचव्या घरी तिने दुसरंच आडनाव सांगितलं आणि घरमालकीण किल्ली घेऊनच बाहेर आली. त्या दिवशी जिन्यात उभी असताना जो संताप आला होता, तोच आता एका धातूच्या डबीपायी आला.

मी ठरवलं, आपलं मॉड्यूल स्वतःच्या नावानेच आत जाईल. शोधल्यावर वाटही सापडली. स्विचला एक आज्ञा दिली की तो परक्यालाही घेतो. फक्त पडद्यावर बजावतो की काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही.

"तपासणी सोमवारी आहे," आप्पा म्हणाले. "तत्त्वं मंगळवारी पाळा."

सरांनी मात्र माझं ऐकलं. दोन मॉड्यूलं मागवली आणि एक जादा.

शनिवारी सकाळी ती आली. स्विच टेबलावर ठेवून मी मॉड्यूल आत सरकवलं, तोंडावरची रबरी झाकणं काढली, आज्ञा दिली. स्विचने कुरकुरत का होईना, त्याला घेतलं. मी मावशींना भोकं दाखवली. "इथून उजेड जाणार, पार त्या इमारतीपर्यंत." तेवढ्यात सर पूजेचं ताट घेऊन आले. नवी वस्तू आहे, दोन मिनिटं लागतील म्हणाले. यंत्राच्या पूजेला मी उभी राहत नाही. वडिलांचा छोटा छापखाना होता, चळवळीची पत्रकं छापायचे. मी अक्षरं त्या पत्रकांवर शिकले, आणि छापखान्यात खंडेनवमीलाही कधी नारळ फुटला नाही. तसं सरांना सांगून मी तडक निघाले, पलीकडच्या इमारतीत दुसरं मॉड्यूल बसवायला. झाकणं माझ्या पर्समध्येच राहिली.

परत आले तर स्विचवर हळद-कुंकू सांडलेलं. मी रागाने फुंकर मारून ते उडवलं आणि केबल जोडली. दिवा लागला नाही.

दुपारपर्यंत मी सगळं करून पाहिलं. पडद्यावर सरळ लिहून येत होतं की मॉड्यूल ओळखलं, प्रकाश येत नाही. त्या एका ओळीत उत्तर होतं. पण माझा गुन्हेगार ठरून गेला होता.

"घुसवलंत ना परक्याला?" आप्पा म्हणाले.

मी तिथेच बसून पत्रक लिहिलं. कंपनी परक्या मॉड्यूलला वरवर आत घेते आणि आतून त्याचा गळा दाबते, असं जाड अक्षरांत लिहून नोटीस बोर्डावर लावलं. पोरांनी मोबाईलवर फोटो काढले. दोघांनी टाळ्याही वाजवल्या. मावशी बोर्डापाशी आल्या आणि पत्रकाकडे न बघता एवढंच म्हणाल्या, "दिवा लागंल ना, ताई?"

रविवारी सकाळी मी पुन्हा गेले. मावशींनीच दार उघडलं. दुसरं काही सुचेना म्हणून मी केबल उपसली आणि तिचं टोक ओढणीने पुसलं. पांढऱ्या ओढणीवर लाल रेघ उठली. आधी वाटलं, आपलंच बोट कापलं. बोट पाहिलं, ते धड होतं. मग मोबाईलची बॅटरी लावून मॉड्यूलच्या तोंडात पाहिलं. दोन्ही भोकं कुंकवाने भरलेली होती.

"मावशी, काल कुंकू कोणी लावलं?"

"म्याच. सर म्हनले, लाव कुठंबी. मला त्याचे ते दोन डोळे दिसले. तुमीच म्हनला हुता ना, उजेड हितनंच जायाचा? म्हनलं, मंग माज्या पोरीचंबी हितनंच व्हायचं, तर हितंच लावावं. करंगळीनं चांगलं आत..." त्यांचं बोलणं तुटलं. ओढणीवरची रेघ त्यांना दिसली होती. "म्या बिघडवलं व्हय?"

त्या पेटीत नेमकं काय महत्त्वाचं आहे हे अख्ख्या ऑफिसात याच बाईला कळलं होतं, आणि कळलं म्हणूनच तिने कुंकू तिथे लावलं. मी दोन मिनिटं तिथे उभी राहिले असते, हात जोडले नसते तरी चाललं असतं, फक्त झाकणं लावली असती तर हे झालं नसतं. मी तत्त्व घेऊन निघून गेले. परत आल्यावर फुंकर मारून उरलेलंही आत ढकललं. आणि वर, न केलेल्या गुन्ह्यासाठी कंपनीला भर बोर्डावर उभं केलं. दुसऱ्यांच्या अशा वागण्यावर मी आजवर किती पत्रकं लिहिली होती!

"नाही मावशी," मी म्हणाले. "झाकणं माझ्याकडे होती." पर्समधून काढून ती त्यांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली.

लॅबमधलं स्पिरिट आणि चष्मा पुसायचं कापड घेऊन मी केबलचं टोक साफ केलं. कुंकू भरलेलं मॉड्यूल काढून जादाचं बसवलं. केबल खोचली. हिरवा दिवा लागला.

"लागला?"

"लागला."

मावशी खुर्चीवर कधी बसत नसत. त्या दिवशी बसल्या, कमरेचा मोबाईल काढला आणि घरी फोन लावला. "पुस्तकं काढ गं," एवढंच म्हणाल्या.

सोमवारी अधिकारी आले, हॉल पाहिला, सही करून गेले. केंद्र मिळालं.

वडिलांचा नियम होता, चुकलेलं पत्रक फाडायचं नाही. त्याच्या शेजारी दुसरं लावायचं, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत. मी ते रविवारीच लिहिलं होतं. पण अधिकाऱ्यांनी वाचलं तर काय, या भीतीने त्यांची गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत घडी करून पर्समध्ये ठेवलं. हा उशीरही मग त्यात लिहिला. कंपनीवरचा आरोप खोटा, झाकणं काढून मी निघून गेले म्हणून मॉड्यूल बंद पडलं, नाव विचारण्याबद्दलचं म्हणणं मात्र कायम.

मावशी झाडू घेऊन बोर्डाखाली थांबल्या. "काय लिवलंय?"

मी वाचून दाखवलं.

"कुंकवाचं न्हाई लिवलं?"

"मुद्दामच नाही लिहिलं, मावशी."

"का? मला लाज न्हाई वाटत." त्यांनी पत्रकाच्या तळाशी उरलेल्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. "लिवा, पेटीच्या डोळ्यात कुंकू घालू ने, उजेड आडतो. आन् खाली माजं नाव टाका, म्हंजी बायका ऐकतील."

मी पेन काढलं आणि त्या सांगत होत्या तसं लिहिलं.